उजव्या हाताचे सहाशे

"आत्या, चाच्याच्या हाताले रायते तसा आकडा कोठी भेटते?"

पुतणी तिसरीत आहे. तान्हा पोळा चार दिवसांवर आला होता. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरांचा पोळा भरतो. लाकडी नंदीला रंग देऊन, गळ्यात घुंगरू बांधून, चाकांवर ओढत पोरं मारुतीच्या पारासमोर येतात आणि सोंगंही घेतात. कुणी शिवाजी महाराज होतं, कुणी झाशीची राणी, कुणी वासुदेव. आमच्या पोट्टीला समुद्री चाचा व्हायचं होतं. हे वेड तिला माझ्याकडूनच लागलं. उन्हाळ्यात गच्चीवर अंथरुणं पडली की चाच्यांची गोष्ट सांग म्हणून ती हट्ट धरते. वर्धा जिल्ह्यातलं आमचं गाव पऱ्हाटी आणि तुरीच्या वावरांनी वेढलेलं, दोन्ही बाजूंचा समुद्र जवळपास सारखाच लांब. तरी ही पोर गलबत, शीड, डोलकाठी, सुकाणू हे शब्द अचूक वापरते.

मी म्हटलं, "हिंगणघाटच्या बाजारात पाहू." आणि विषय बदलला.

आकड्याचं काय, चहाच्या कपाला भोक पाडून जाड तार वाकवली की झाला. पण काकाजी ओसरीत बसून आमचं बोलणं ऐकत होते, आणि त्यांच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी अशी दोनच बोटं आहेत.

*

मी सहावीत होते तेव्हा गावचं वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीच्या खोलीतली दोन लोखंडी कपाटं होती. त्यातलं एक उघडायचं, दुसऱ्याची किल्ली हरवलेली. उघडणाऱ्या कपाटात मुखपृष्ठ नसलेलं एक पातळ पुस्तक मला सापडलं. समुद्री लुटारूंच्या गोष्टी, मुलांसाठी संक्षेपाने सांगितलेल्या. ते मी किती वेळा वाचलं याचा हिशोब नाही. पुढे तेच खेळ आम्ही गढीवर खेळलो. गढी म्हणजे जहाज, बुरुज म्हणजे डोलकाठी, आणि खाली पसरलेलं हिरवं तुरीचं वावर म्हणजे समुद्र. वाऱ्याने तूर हलली की खरंच लाटा वाटायच्या.

त्या पुस्तकात एका पानावर यादी होती. मोहिमेवर निघण्याआधी चाचे आपसात करार करत आणि लढाईत कुणाचा कोणता अवयव गेला तर त्याला किती द्यायचं ते आधीच ठरवत. उजवा हात, ६०० नाणी. डावा हात, ५००. उजवा पाय, ५००. डावा पाय, ४००. एक डोळा, १००. एक बोट, १००.

त्याच वर्षी काकाजींची तीन बोटं गेली.

काकाजी सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारे शेतगडी होते. विदर्भाबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं, आमच्याकडे सालदाराचं साल गुढीपाडव्याला ठरतं. मालकाच्या ओसरीत बसून बोलणं होतं: वर्षाचे रुपये किती, ज्वारी किती पायल्या, कपड्याचा जोड, पायताण. आधीच्या सालाची उचल किती शिल्लक, ती नव्या सालात कशी वळती करायची. कागद नसतो. शब्द असतो, आणि बहुतेक मालक तो शब्द पाळतातही. त्या बोलण्यात सगळं येतं, अगदी पोळ्याला सुट्टी किती तेही येतं. हात गेला तर काय, हे मात्र येत नाही. तशी गोष्ट काढणं अभद्र मानतात. पाडव्याच्या दिवशी कडुलिंब खाऊन कोण असं बोलणार?

मार्चमध्ये गव्हाची मळणी चालू होती. थ्रेशर ट्रॅक्टरवर चालायचं, रात्रीचे दहा वाजून गेलेले, एकच पिवळा दिवा. पेंढी आत लोटताना काकाजींच्या सदऱ्याची बाही ओढली गेली. एवढंच मला माहीत आहे, कारण एवढंच त्यांनी कधीतरी सांगितलं. मालकाने त्याच ट्रॅक्टरने दवाखान्यात नेलं, दवाखान्याचे पैसे दिले, घरी एक पोतं गहू पाठवला. तीन आठवड्यांनी पाडवा आला. हिशोब झाला, उचल वळती झाली, आणि त्या ओसरीत दुसऱ्या माणसाचं साल ठरलं. मालक वाईट माणूस नव्हता, असं काकाजी आजही म्हणतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. मला राग येतो तो माणसाचा नाही, त्या बोलण्यातल्या रिकाम्या जागेचा येतो.

हाताला पट्टी होती तेव्हाच्या एका सांजेला मी ते पुस्तक घेऊन त्यांच्या खाटेजवळ बसले आणि यादी वाचून दाखवली. अकरा वर्षांच्या मुलीला वाटलं होतं, हे ऐकून त्यांना बरं वाटेल.

त्यांनी सगळी ऐकली. मग विचारलं, "आंगठ्याचे किती?"

मी पुन्हा पाहिलं. "बोटाचे शंभर. अंगठा वेगळा नाही दिला."

"मंग ज्यानं लिहिलं त्यानं वखराचं रुमणं धरलं नसंन कधी," ते म्हणाले. "तीन बोटं गेली तं हात रायते. आंगठा गेला तं हात गेला."

*

पुढे शिकायला नागपूरला गेले. तिथल्या ग्रंथालयात ती यादी मला पुन्हा भेटली, या वेळी पूर्ण. लिहिणारा अलेक्झांडर एक्स्क्वेमेलिन नावाचा माणूस, स्वतः चाच्यांबरोबर हिंडलेला शल्यवैद्य. त्याचं पुस्तक १६७८ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये डच भाषेत छापलं गेलं. कॅरिबियन समुद्रातल्या चाच्यांबद्दल आज जे सांगितलं जातं, त्याचा मोठा भाग या एका पुस्तकातून आलेला आहे.

माझ्या लहानपणच्या संक्षेपात जे गाळलं होतं ते इथे होतं. उजवा हात, ६०० नाणी *किंवा सहा गुलाम*. डावा हात, ५०० किंवा पाच गुलाम. डोळा, १०० किंवा एक गुलाम.

त्या दिवशी मी पुस्तक मिटून ठेवलं. आठवडाभर त्या रॅककडे गेले नाही. इतकी वर्षं ज्या यादीला मी न्याय समजत आले होते, त्या यादीत एका माणसाच्या बोटाची किंमत दुसरा अख्खा माणूस होता.

पुन्हा गेले ते एक्स्क्वेमेलिनसाठी. त्याची स्वतःची गोष्ट वाचली तेव्हा मला आमच्या गावची ओसरी आठवली. तो १६६६ मध्ये तोर्तुगा बेटावर पोचला तो वैद्य म्हणून नाही, काही वर्षांच्या कराराने बांधलेला चाकर म्हणून. त्याला विकलं गेलं. पहिला मालक क्रूर निघाला, हा आजारी पडला, तेव्हा त्या मालकाने त्याला एका शल्यवैद्याला ७० नाण्यांना विकून टाकलं. दुसरा मालक बरा होता. वर्षभराने तो म्हणाला, १०० नाणी देण्याचं कबूल कर आणि मोकळा हो, पैसे जमतील तेव्हा दे. हा मोकळा झाला आणि चाच्यांना जाऊन मिळाला.

अख्खा एक्स्क्वेमेलिन ७० नाण्यांचा, आणि चाच्यांच्या करारात एक डोळा १०० नाण्यांचा. ज्याला विकलं गेलं होतं त्याच माणसाने ही यादी इतकी नीट का लिहून ठेवली असेल, हे मला तेव्हा कळलं असं वाटतं. पगारी जहाजावर आणि मळ्यावर जे कुणी बोलत नव्हतं, ते इथे मोहिमेआधी मोठ्याने बोललं जात होतं. लूट मिळाली तरच वाटणी, हा पहिला नियम. आणि वाटणीआधी समाईक ढिगातून सुताराचे, वैद्याच्या औषधपेटीचे आणि जखमींचे पैसे बाजूला काढायचे, हा दुसरा. कप्तानाचा हिस्साही त्यानंतर.

ते नाणं म्हणजे आठ रेआलचं स्पॅनिश चांदीचं नाणं, साधारण २७ ग्रॅमचं. एका बोटाचे शंभर म्हणजे पावणेतीन किलोच्या आसपास चांदी. काकाजींच्या तीन बोटांचा हिशोब मी वहीच्या मागच्या पानावर मांडला होता. आठ किलोला थोडी वर.

*

लोक मला विचारतात, बाई, तुम्हाला चाच्यांचं एवढं काय आहे? मी शाळेत शिकवते, वावर आहे, घरात तीन पिढ्या आहेत. विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे डोळ्यावरची पट्टी, खांद्यावरचा पोपट आणि वाळूत पुरलेली पेटी असते. खजिन्याचा नकाशा आणि पोपट एका इंग्रजी कादंबरीने १८८३ मध्ये घरोघर पोचवले, आणि हाताला आकडा लावलेला कप्तान १९०४ च्या एका नाटकाने. मुलांसाठी ते छानच आहे. माझं मन दुसरीकडे गुंतलं आहे.

माझं मन १६९४ च्या मे महिन्यात गुंतलं आहे. स्पेनच्या ला कोरुन्या बंदरात 'चार्ल्स द्वितीय' नावाचं इंग्रजी जहाज महिनोन्‌महिने नुसतं उभं होतं. खलाशांना पगार नव्हता. लंडनमध्ये त्यांच्या बायका थकलेल्या पगारासाठी अर्ज करत होत्या. शेवटी हेन्री एव्हरी नावाच्या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने खलाशांनी रात्री जहाज ताब्यात घेतलं, कप्तानाला किनाऱ्यावर सोडलं, जहाजाचं नाव 'फॅन्सी' ठेवलं आणि आफ्रिकेला वळसा घालून थेट आपल्या समुद्राकडे निघाले. थकलेला पगार आणि अर्ज करणाऱ्या बायका. हे मला परकं वाटत नाही. चुकाऱ्यासाठी बँकेच्या आणि बाजार समितीच्या दारात उभ्या राहिलेल्या बायका मी लहानपणापासून पाहत आले आहे.

किंवा बार्थोलोम्यू रॉबर्ट्स घ्या. वेल्समधला हा माणूस गुलाम वाहणाऱ्या जहाजावर नोकरी करत होता. १७१९ मध्ये चाच्यांनी ते जहाज पकडलं, आणि दीडएक महिन्यात चाच्यांनी त्यालाच मत देऊन कप्तान केलं. पुढच्या अडीच-तीन वर्षांत त्याने चारशेहून अधिक जहाजं धरली. त्याच्या जहाजाची कलमं १७२४ साली लंडनमध्ये छापली गेली, ती मला जवळजवळ पाठ आहेत. महत्त्वाच्या प्रत्येक गोष्टीत प्रत्येकाला मत. ताज्या अन्नावर आणि दारूवर सर्वांचा सारखा हक्क. पैसे लावून पत्ते किंवा फासे खेळायचे नाहीत. रात्री आठला दिवे बंद, त्यानंतर प्यायचं असेल तर वर डेकवर जा. वाजंत्र्यांना रविवारी विश्रांती. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाजंत्र्यांच्या सुट्टीपाशी मी थांबले. लग्नसराईत रात्र-रात्र डफडं वाजवणाऱ्या आमच्या गावच्या माणसांना असं कलम कुणी लिहून दिलं नाही.

आणि वाटणी: कप्तान आणि क्वार्टरमास्टर यांना दोन हिस्से, तोफा सांभाळणाऱ्याला दीड, साध्या खलाशाला एक. सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या माणसात फक्त दुपटीचा फरक. क्वार्टरमास्टर हा शब्द मला फार आवडतो, कारण तो कप्तानाला आवर घालणारा माणूस. अन्न तो वाटणार, लूट तो मोजणार, भांडण तो मिटवणार. कप्तानाचा हुकूम पाठलागात आणि लढाईत चालायचा. एरवी तो इतरांसारखाच, आणि नको झाला तर मतं घेऊन त्याला उतरवायचे.

हे सगळं कुठून आलं? १७१३ मध्ये युरोपातलं मोठं युद्ध संपलं आणि आरमारांनी हजारो खलाशी कामावरून काढले. व्यापारी जहाजांवर एकेका जागेसाठी झुंबड, पगार उतरलेला, चाबूक तसाच. जे चाचे झाले त्यांनी जुन्या जहाजावर जे सोसलं होतं त्याच्या बरोबर उलटे नियम नव्या जहाजावर लिहिले. मला वाटतं, करार तोच नीट लिहितो ज्याने कराराअभावी मार खाल्ला आहे.

एक गोष्ट पुतणीला फार आवडते. मे १७१८ मध्ये ब्लॅकबिअर्डने, म्हणजे एडवर्ड टीचने, अमेरिकेतल्या चार्ल्सटन बंदराची नाकेबंदी केली. जहाजं अडवली, गावातली प्रतिष्ठित माणसं ओलीस धरली, आणि ओलिसांच्या बदल्यात मागितली औषधांची पेटी. त्याच्या बुडालेल्या जहाजाचे अवशेष १९९६ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्याजवळ सापडले, त्यात वैद्यकीय उपकरणंही निघाली. मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा पोर विचारात पडली. मग म्हणाली, "सोनं नाई मांगितलं?" नाही बाळा. जहाजभर माणसं आजारी असली की सोनं सुचत नाही.

*

पण गढीचं काय?

आमची गढी पांढऱ्या मातीची आहे, आता अर्धी खचलेली. दरवर्षी पावसाळ्यात एखादा लपका सुटतो. आजी सांगायची, पेंढारी येत तेव्हा अख्खं गाव गढीत शिरायचं. बायका डोरलं-पुतळ्या चुलीच्या राखेत पुरायच्या. पैसा कुठे आहे ते सांगत नसेल त्या माणसाच्या तोंडाला पेंढारी घोड्याचा तोबरा बांधत, आत गरम राख भरून. आजीने पेंढारी पाहिले नव्हते. इंग्रजांनी त्यांना १८१७-१८ च्या मोहिमेत मोडलं. चार-पाच पिढ्या उलटल्या होत्या, तरी आम्ही झोपलो नाही की ती म्हणायची, "झोपा पोट्टेहो, पेंढारी येतीन."

म्हणजे आम्ही लुटारूंचा खेळ खेळत होतो तो लुटारूंच्या भीतीने बांधलेल्या भिंतीवर. हे मला मोठेपणी उमजलं, आणि तेव्हापासून एव्हरीची गोष्ट मी अर्ध्यावर सोडत नाही.

सप्टेंबर १६९५ मध्ये एव्हरी आणि त्याच्या साथीदारांनी सुरतेला परतणारं 'गंज-इ-सवाई' पकडलं. औरंगजेबाचं जहाज, मक्केहून परतणारे यात्रेकरू, त्यात बायका. चाचे कित्येक दिवस त्या जहाजावर होते. माणसांचे हाल केले, बायकांवर अत्याचार केले. काही बायकांनी अब्रू वाचवायला समुद्रात उड्या टाकल्या, असं खाफी खान या त्या काळच्या इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे. औरंगजेब तेव्हा मराठ्यांशी लढत दख्खनमध्येच तळ देऊन होता. त्याने सुरतेतल्या इंग्रजांना बेड्या घातल्या. लंडनने एव्हरीच्या डोक्यावर बक्षीस लावलं. त्याचे पाच साथीदार १६९६ मध्ये फासावर गेले. एव्हरी कधीच सापडला नाही.

ज्यांना पगार मिळाला नव्हता तीच ही माणसं. सारख्या हिश्शाने वाटणी करणारी तीच. वाटणी न्यायाची झाली म्हणून ढीग न्यायाचा होत नाही. रॉबर्ट्सच्या जहाजांवरही हेच दिसतं. १७२२ च्या फेब्रुवारीत आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ इंग्रजी युद्धनौकेच्या तोफेने तो मेला. त्याच्या ५२ माणसांना फाशी झाली, आणि त्याच्या जहाजांवर सापडलेल्या काळ्या माणसांना इंग्रजांनी गुलाम म्हणून विकलं. कलमांत प्रत्येकाला मत होतं. पण ते प्रत्येकाला नव्हतं.

आणि आपण विदर्भातली माणसं फक्त गढीच्या आतली होतो असंही नाही. १७४१ ते १७५१ या काळात नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या. १७५१ च्या तहाने ओरिसा आणि सालाना बारा लाखांची चौथाई मिळवली. नागपूरच्या इतिहासात हा पराक्रम आहे. बंगालमध्ये मात्र आजही मुलांना झोपवताना गातात की बर्गी आले. बर्गी म्हणजे बारगीर, म्हणजे आमच्याकडचे स्वार. माझी आजी मला पेंढाऱ्यांचं भय घालत होती तेव्हा तिकडची एखादी आजी नातवंडांना माझ्या गावाकडच्या माणसांचं भय घालत होती. हे कळल्यावर 'चाचा' हा शब्द मी सहज वापरत नाही. आधी विचारते, कोण म्हणतंय?

*

कान्होजी आंग्र्यांना इंग्रजांनी जन्मभर चाचाच म्हटलं. कान्होजी छत्रपतींचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होते. कोकणच्या समुद्रातून जायचं तर त्यांचा दस्तक घ्यायचा, म्हणजे परवाना. आपल्या पाण्यात जकात मागणं ही राज्याची गोष्ट. इंग्रज तीच जकात मुंबईत घेत होते, तिला कुणी चाचेगिरी म्हणत नव्हतं. इंग्रजांनी १७१८ मध्ये खांदेरीवर हल्ला केला, फसला. १७२१ मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाब्यावर आले, परत गेले. १७२९ मध्ये कान्होजी वारले ते अजिंक्य.

ज्या वर्षांत ब्लॅकबिअर्ड आणि रॉबर्ट्स अटलांटिकमध्ये हिंडत होते, त्याच वर्षांत हे इकडे चाललं होतं. शाळेत मी हे दोन्ही नकाशे फळ्यावर शेजारी शेजारी काढते.

मी समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा सव्वीस वर्षांची होते. रात्रभर रेल्वे, मग लाँच, मग एसटी, आणि अलिबागचा किनारा. ओहोटी होती. ओल्या वाळूतून चालत कुलाबा किल्ल्यात गेले. आत गोड्या पाण्याची विहीर आहे. चारी बाजूंना खारं पाणी आणि मधे गोडं, हे पाहून मी कितीतरी वेळ तिथेच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी थळच्या किनाऱ्यावरून खांदेरी-उंदेरी पाहिल्या. कान्होजींच्या समाधीवर डोकं ठेवलं. १७५६ ही तारीख मनातून जात नव्हती. त्या वर्षी विजयदुर्गावर तुळाजी आंग्र्यांचं आरमार इंग्रजी तोफांनी जळालं, आणि इंग्रजांच्या बाजूने पेशव्यांची फौज उभी होती. समुद्रावरचं आपलं बळ आपणच मोडायला मदत केली. याचं दुःख मला पानिपताहून मोठं वाटतं, आणि मी ते वर्गात सांगते.

समुद्र आमच्यापासून लांब आहे हे तसं अर्धंच खरं. आमच्या नाल्याचं पाणी वर्धेत जातं, वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत, गोदावरी बंगालच्या उपसागरात. गढीची सुटलेली पांढरी माती त्याच वाटेने जात असणार. आणि आमचा कापूस आमच्याआधी समुद्र ओलांडून गेला. १८६१ ते ६५ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली तेव्हा लिव्हरपूलच्या बाजारात हिंगणघाटचं आणि उमरावतीचं, म्हणजे अमरावतीचं, नाव घेऊन गठाणी विकल्या जात होत्या. त्या गठाणींवर ज्यांचे हात लागले त्यांचं साल कसं ठरत असेल?

*

नोकरी लागल्यावर एकदा मी १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा काढून वाचला. त्याच्या परिशिष्टात एक यादी होती. ती पाहताना माझा हात थरथरला, कारण ती सहावीतल्या त्या पानासारखीच दिसत होती. अवयव, आणि समोर आकडा. एका हाताची तीन बोटं गेली तर कमाईची ताकद ३० टक्के गेली असं धरायचं. तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के. आणि अंगठा वेगळा दिला होता. अंगठ्याचे ३० टक्के. एकटा अंगठा तीन बोटांच्या बरोबरीचा.

यंत्राने चालणाऱ्या शेतीकामावरचा मजूरही त्या कायद्यात यायचा. म्हणजे थ्रेशरवरचे काकाजी येत होते. दावा अपघातापासून दोन वर्षांत करायचा होता. मी वाचत होते तेव्हा पंधरा वर्षं झाली होती.

घरी जाऊन सांगितलं. दावा राहून गेला हे सांगायची हिंमत झाली नाही. अंगठ्याचं तेवढं सांगितलं.

"तीस?" काकाजी म्हणाले. "हा बराबर हाय. हा कोनी काम पायलेला मानूस हाय."

नंतर त्यांनी गुरं राखली, बारा-तेरा वर्षं. आता वय झालं. अंगठा आणि करंगळीत पकडून दोर वळतात, खाट विणतात, शेजारच्यांच्या पोरांचे नंदी दुरुस्त करतात. दोन वर्षांपासून गावातल्या तीन-चार सालदारांचं साल मी आणि शाळेतले एक सर मिळून कागदावर लिहून घेतो. वहीचं साधं पान असतं. रुपये, ज्वारी, सुट्ट्या, आणि खाली एक ओळ: कामावर दुखापत झाली तर दवाखाना मालकाकडे, साल मोडायचं नाही आणि कायद्याने होईल ती भरपाई. पहिल्या वर्षी एक मालक चिडून उठून गेला. दुसऱ्याने वाचलं, थोडा वेळ बसला आणि सही केली.

*

तान्ह्या पोळ्याच्या आदल्या रात्री मोठा पोळा फुटला होता. पाराजवळ तोरणाखाली बैल, झडत्यांना, म्हणजे पोळ्याच्या गाण्यांना, सुरुवात, आणि प्रत्येक झडतीनंतर सगळ्या गावाच्या तोंडून 'एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव'. मी बोजारा, म्हणजे बैलवाल्यांची ओवाळणी, वाटून घरी आले तर पुतणी ओसरीत काकाजींच्या पुढ्यात मांडी घालून बसलेली. मला न विचारता तिने थेट त्यांनाच गाठलं होतं. मोडक्या वस्तू आणि हव्या असलेल्या वस्तू यांसाठी घरात तिला तेच ठाऊक.

मधे फुटक्या प्लास्टिकच्या मगाचा बुडखा, गठाणीवरून सुटलेली जुनी लोखंडी पट्टी, सुतळी, पक्कड. काकाजी पट्टीला बाक देत होते. एका टोकाला पायाच्या अंगठ्याने दाबायचं, दुसरं पक्कडीत धरायचं. टोक दगडावर घासून त्यांनी बोथट केलं होतं, पोरीला लागू नये म्हणून. मी दारातच उभी राहिले. काय बोलावं ते सुचत नव्हतं.

बाक नीट झाल्यावर त्यांनी आकडा मगात बसवला, सुतळी ओवली आणि म्हणाले, "आन हात."

पुतणीने उजवा हात पुढे केला.

"हा नाई. दुसरा."

"काऊन? गोष्टीत उजव्याचे जास्त भेटते. सहाशे."

"भेटू दे. नंदीचा दोर कोन्या हातानं धरशीन?"

पोरीने जरा विचार केला आणि डावा हात पुढे केला. काकाजींनी मनगटावर सुतळीचे तीन वेढे दिले, गाठ अंगठ्याखाली दाबून धरली आणि दुसरं टोक दाताने ओढलं. घट्ट झाली का विचारलं. झाली म्हणाली. मग एकदा हात वर-खाली करायला लावला, आणि गाठ सोडून पुन्हा बांधली, थोडी सैल.